फायब्रोस्कॅनला पाच तारे, जनुकाच्या रिपोर्टला दोनच

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड टू' निघालं. गळ्यात माळ, दारूच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिलो नाही, वजन बासष्ट किलो. म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा आणि चरबी मोजणारी तपासणी, करायला गेलो. सेंटरच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न मद्यपानाचा. काउंटरवरच्या मुलीने माळेकडे बघून स्वतःच 'नाही'वर टिक केली.

स्कॅनबद्दल तक्रार नाही. आधी तीन तास पोटात काही नको. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या मधल्या जागेत गारेगार जेल आणि मग प्रोबची टकटक, कॅरमच्या सोंगटीला टिचकी मारावी तशी. त्या टिचकीची लहर कडक यकृतातून जास्त वेगाने धावते, त्यावरून व्रणांचा अंदाज बांधतात. टेक्निशियन ताई घाईतल्या नव्हत्या. रीडिंग बाद झालं की परत घ्यायच्या. दहा नीट मिळाल्यावरच मला उठू दिलं. कडकपणा 6.2 किलोपास्कल, म्हणजे बेताचा. 8च्या आत असेल तर जास्त व्रण असण्याची शक्यता कमी. चरबीचा आकडा मात्र 304, चांगलाच वर.

आता ती जनुक चाचणी. 'पॅकेजमध्ये स्वस्त पडेल काका' म्हणत गळ्यात मारली. गुळगुळीत रंगीत पानं, लाल काटा 'हाय रिस्क'वर आणि खाली 'पीएनपीएलए३, जीजी'. समजावून सांगायला फोन येईल म्हणाले. फोन आला, पण पावडरचा डबा खपवायला!

शेवटी आमच्या पोटाच्या डॉक्टरांनीच उलगडून सांगितलं. पीएनपीएलए३ या जनुकावरून यकृतात त्याच नावाचं एक प्रथिन बनतं. 2008 साली अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी त्याचा फॅटी लिव्हरशी संबंध दाखवला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिच्यात 148व्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन आलं की ते प्रथिन वेळच्या वेळी मोडीत निघत नाही, चरबीच्या थेंबांवर ठाण मांडून बसतं आणि चरबी फोडणाऱ्या एन्झाइमची वाट अडवतं. यकृतात व्रणाचे धागे विणणाऱ्या पेशींमध्येही ते असतं, त्यामुळे नुसती चरबी साठून भागत नाही, पुढे व्रणांचाही धोका वाढतो. जीजी म्हणजे आई आणि वडील दोघांकडून तेच आलेलं. बारीक माणसालाही फॅटी लिव्हर का होतं, त्याचं एक उत्तर इथे मिळतं. पण उपचार? वजन थोडं उतरवा, साखर-मैदा कमी, रोज चाला. जीजीवाल्यांचीही चरबी याने उतरते. हेच ते रिपोर्टाशिवायही सांगणार होते, म्हणून दोन तारे.

जाणार असाल तर आधी डॉक्टरांकडून 'फिब-४', म्हणजे यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढून घ्या. वय आणि रक्ततपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी (यकृताची एन्झाइम) नि प्लेटलेट एवढ्यावर तो निघतो, वेगळा खर्च नाही. पासष्टीच्या आतल्या माणसाचा 1.3च्या खाली आला तर स्कॅनची घाई आहे का, तेही विचारा. अंगाने जाड असाल तर फोनवरच 'एक्सएल प्रोब आहे का' विचारून निघा. माझ्यापुढच्या गृहस्थांना त्यापायी उपाशीपोटी परत जावं लागलं.