टाचेच्या रक्ताची तपासणी, आणि ती समजावणाऱ्या सिस्टर

लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे, नाशिकला झालं. प्रसूतिगृहाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

ती आधी. बाळाच्या टाचेला टोचून जाड कागदावर रक्ताचे थेंब घेतात, ती तपासणी ४८ तास उलटल्यावर केली. इथवर ठीक. पण रिपोर्ट थेट जावईबापूंच्या व्हॉट्सॲपवर आला, इंग्रजीत, 'जी-सिक्स-पीडी'पुढे लाल अक्षरं. (तांबड्या पेशींना जपणारं हे एक विकर, म्हणजे एन्झाइम; ते कमी असलं की काही औषधांनी त्या पेशी फुटतात.) कुणाचा फोन नाही. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो."

सकाळी सिस्टर भेटल्या. त्यांनी केसपेपरच्या मागे चौकोन आणि गोल काढायला घेतले. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा. मग मला विचारलं, "आजी, तुमच्या भावाला, मुलाला कधी औषधानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती?" माझ्या मुलाला हिवतापात प्रायमाक्वीन दिल्यावर नेमकं तेच झालं होतं, तेव्हा कावीळ म्हणून विषय संपला. सिस्टरांनी तो चौकोन पेनाने भरला आणि रेघ माझ्या गोलाशी आणली. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, आणि मुलग्याला ते आईकडूनच मिळतं. आईच्या दोनांपैकी कुठलं यायचं हे कुणाच्या हातात नाही. दर मुलाला निम्मी शक्यता. हे सगळं विहीणबाईंना शेजारी बसवून सांगितलं, हे विशेष. पुन्हा तो सूर घरात निघाला नाही.

मग एकदम, "बाळाची झबली-दुपटी पेटीतली आहेत का?" होतीच. लेकीचीच, डांबराच्या गोळ्या घालून जपलेली! त्यांच्या वाफेनेही अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ वाढते. "उन्हात टाकून चालणार नाही, वापरूच नका," म्हणाल्या. राउंडला आलेल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं.

टाळायच्या औषधांची यादी मराठीत लिहून दिली: प्रायमाक्वीन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन वगैरे. लेक अंगावर पाजतेय तोवर तिनेही विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. लसी नेहमीसारख्याच. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली की लगेच आणायचं. टाचेच्या थेंबावर निदान पक्कं होत नाही, म्हणून रक्ताची वेगळी तपासणी सांगितली, मामाचीही.

पाचपैकी चार तारे, चारही सिस्टरांना. प्रसूतिगृहाने रिपोर्ट धाडण्याआधी त्यांना फोन करू द्यावा, आणि तपासणीचे पैसे बिलात घुसडण्याऐवजी आधी सांगावेत.