हात दाखवून अवलक्षण: हाकोनेच्या अंघोळीचे ६२,२१० रुपये

आकडा आधीच सांगते, कारण घरी अजून पूर्ण सांगितलेला नाही. ८,३५० अधिक १२,००० अधिक ४१,८६०. एकूण ६२,२१० रुपये, जपानमधल्या हाकोनेत खासगी न्हाणीच्या खोट्या बुकिंगपायी गेलेले. एवढ्यात काय मिळालं? आईचे पाय घोट्यापर्यंत गरम पाण्यात भिजले, आणि तेसुद्धा दुसरीकडे.

माझ्या डाव्या दंडावर राजमुद्रा आहे. आईच्या हातावर लग्नाआधीचं गोंदण आहे, तुळशीवृंदावन, आणि कपाळावर हिरवा टिपका. जपानच्या ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या न्हाणीत, सगळ्यांसोबत पूर्ण उघडं होऊन उतरायचं असतं आणि टॅटूवाल्यांना बऱ्याच ठिकाणी मज्जाव, हे माहीत होतं. उलट जरा जास्तच वाचलं, तेच नडलं. १८७२ मध्ये तिथल्या सरकारनं गोंदवण्यावर बंदी घातली, ती उठली १९४८ ला. पुढे टॅटू म्हणजे याकुझा, तिथल्या गुंडटोळ्या, हे डोक्यात पक्कं बसलं. २०१५ ला त्यांच्या पर्यटन खात्यानं पाहणी केली, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ५६ टक्के ठिकाणांनी टॅटू चालत नाही असं सांगितलं. २०१३ ला होक्काइदोत न्यूझीलंडच्या एका माओरी बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे आत घेतलं नव्हतं. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आईचं कपाळ आलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला काउंटरवरून परत पाठवलं तर?

म्हणून काशिकिरी, म्हणजे तासाभरासाठी आख्खी न्हाणी आपली. सोशल मीडियावर एक पान सापडलं, "टॅटू असलेल्यांसाठी खासगी ओन्सेन". व्हॉट्सअॅपवर चक्क मराठी बोलणारी मुलगी. "ताई, काकूंची काळजीच नको." हाकोनेतल्या एका सराईत दोन स्लॉट, १४,४०० येन, म्हणजे ८,३५० रुपये, यूपीआयनं. जपानी सराईचे पैसे यूपीआयनं! क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुणा इथल्याच माणसाचं. मी मनाशी म्हटलं, इंडिया डेस्क असेल. हसा. पण ट्रॅव्हलवाल्यांना आपण याच्या कितीतरी पट रकमा अशाच देतो की नाही?

दोन दिवसांनी मेसेज आला, "टॅटू क्लिअरन्स" बाकी आहे. दोघींच्या टॅटूचे फोटो, पासपोर्टचं पहिलं पान आणि प्रत्येकी ६,००० डिपॉझिट, परत मिळणारं.

इथेच. इथेच कळायला हवं होतं. जी न्हाणी आपण भाड्यानं घेतो, जिला आतून कडी असते, जिथे आपल्याशिवाय चिटपाखरू नसतं, तिथे टॅटूची परवानगी देणार कोण आणि कुणाला? खासगी न्हाणी घ्यायची तीच मुळी कुणी बघू नये म्हणून! मी प्रश्न टाइपसुद्धा केला होता, "प्रायव्हेट आहे ना, मग क्लिअरन्स कशाला?" अंगठा बाणावर होता. आणि खोडला. वाटलं, उगाच खोड काढली नि त्यांनी नाही म्हटलं तर? आईला खिडकीपाशी उजेडात बसवलं, बाही वर करायला लावली आणि फोटो काढला. "कशाला गं?" तिनं विचारलं. "जपानला पाठवायचाय," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अक्षरशः. आईचा तो हात आणि आमचे दोन पासपोर्ट आज कुणाच्या फोनमध्ये आहेत, देव जाणे.

हाकोने-युमोतो स्टेशनहून बसनं सराईत पोचलो. काउंटरवरच्या बाईंनी वही दोनदा चाळली. नाव नाही. मग प्लास्टिकमध्ये बंद केलेलं दरपत्रक पुढे ठेवलं: ४५ मिनिटं, ३,३०० येन, फक्त मुक्कामी पाहुण्यांना, वेळ इथे पोचल्यावरच ठरवायची. मी दंडाकडे बोट दाखवलं. त्यांनी फोनवर भाषांतर करून स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "दाराला आतून कुलूप आहे. हरकत नाही." त्यांचा काही दोष नाही, आमचं नावच त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावंसं झालं.

बाहेर येऊन त्या मुलीला झापलं. ती रडवेली. "ताई, ऑफिसची चूक, डिपॉझिट लगेच परत करते," आणि लिंक. कार्डाचा नंबर भरला, रोमिंगवर ओटीपी आला, कीबोर्डनं तो आपसूक वर दाखवला, मी दाबला. त्याच मेसेजात ४१,८६० वजा होणार असं स्वच्छ लिहिलं होतं. मी फक्त सहा आकडे पाहिले. पैसे परत घ्यायला ओटीपी लागत नाही. हे मी स्वतः माझ्या सासऱ्यांना दहादा सांगितलंय.

मग सुरू झाली दुसरी वारी. तिथल्या पोलीस चौकीतला तरुण फार नम्र. खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाला, पैसे भारतीय खात्यात गेलेत, भारतात तक्रार करा. परत आले तर इथले साहेब म्हणतात, घटना जपानमध्ये घडली, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं, हद्द कुठलीही असो गुन्हा नोंदवता येतो म्हणून. "मॅडम, वकील आहात का?" दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला हवालदार शेजारच्याला म्हणाला, "बघ, अंघोळीला साठ हजार." सगळी खोली हसली. मी तिथेच उभी होते, प्रिंटआउटची फाइल छातीशी धरून. बँकेची तर तऱ्हाच. कस्टमर केअर म्हणतं होम ब्रँचला जा, ब्रँच म्हणते कार्ड विभाग वेगळा, कार्ड विभाग म्हणतो फॉर्म ब्रँचमध्ये द्या. एकवीस दिवसांनी दोन ओळींचा ईमेल: ओटीपी ग्राहकानं स्वतः दिला, सबब निष्काळजीपणा. मान्य. पण मी कळवल्यावर कार्ड बंद करायला चाळीस मिनिटं होल्डवर कोणी ठेवलं?

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच, त्याच तासात फोन करा. मी आधी चौकी, मग बँक करत बसले आणि पाचव्या दिवशी केला, तोवर त्या ठगांचं खातं रिकामं. सराईला स्वतः ईमेल करा, तिच्याच वेबसाइटवरच्या पत्त्यावर, मोडकंतोडकं इंग्रजी चालतं. टॅटूचा वेगळा पैसा मागितला की तिथेच थांबा. पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर नको. आणि किनोसाकी या ओन्सेनच्या गावात सार्वजनिक न्हाण्या आहेत, सगळीकडे टॅटू चालतो, हे मला परत आल्यावर कळलं.

त्या दिवशी शेवटी हाकोने ओपन-एअर म्युझियममध्ये गेलो. तिथे पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे. आईनं साडी पोटरीपर्यंत वर घेतली, पाय सोडले, नि शेजारच्या जपानी आजी तिचं तुळशीवृंदावन वाकून बघायला लागल्या, अगदी कौतुकानं. "वज्रेश्वरीच्या कुंडात इतकी वर्षं उतरले," आई म्हणाली, "कुणी हाताचा फोटो मागितला नाही."

मागच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात चौथ्यांदा गेले. साहेब म्हणाले, त्या मुलीचा नंबर बंद आहे, माग लागत नाही. मी फोन काढून दाखवला. नंबर चालू होता आणि डीपी त्याच सकाळी बदललेला: चारधाम, व्हीआयपी दर्शन, ज्येष्ठांना सवलत.