लोकल न्यूज चॅनल: माणसं कमी केल्यानंतरचा अनुभव

आमचं दुकान भांडी बाजारात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माल वर चढवायचा का, हे आम्हाला घटकाभरात ठरवावं लागतं. त्यासाठीच केबलवरचं नाशिकचं चॅनल वर्षानुवर्षं लावतोय. दिवाळीनंतर तिथली बरीच माणसं कमी केली. तेव्हापासून पावसाळा सरेपर्यंत रोज पाहिलं, मग लिहायला बसलो.

सेट नवा आहे, चित्रही स्वच्छ दिसतं. बातमी मात्र राहिलेली नाही.

पूर्वी विसर्ग वाढला की रिपोर्टर गोदावरीवरच्या होळकर पुलावर हजर. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून इथे पुराची पातळी ओळखतात; 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय' एवढं तो बोलला की अख्ख्या बाजाराला अंदाज यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आमचा माल वाचला तो त्या पुलावरून सतत मिळणाऱ्या खबरीमुळेच. आता खालच्या पट्टीत नुसता क्युसेकचा आकडा फिरतो. तो सकाळचा की आत्ताचा, पत्ता नाही.

यंदा जुलैत एका संध्याकाळी मारुती गळ्यापर्यंत बुडालेला दाखवला. शेजाऱ्यांनी गिऱ्हाईक सोडून पातेली, पराती माळ्यावर चढवायला घेतल्या. मी घाटावर जाऊन पाहिलं तर पाणी मारुतीच्या गुडघ्याच्याही खाली. दृश्यं जुन्या पुराची होती आणि कोपऱ्यात 'संग्रहित' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. उद्या खरोखर पूर आला आणि लोकांनी जुनं चित्र समजून दुर्लक्ष केलं तर?

महापालिकेच्या बातम्या म्हणजे आता प्रेसनोटचं वाचन. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, पण तिथल्या दुकानदाराला कोणी माइक धरत नाही. लासलगावच्या कांद्याचे किमान, कमाल, सरासरी भाव येतात. लिलावात उभा शेतकरी दिसत नाही.

उरलेल्या पोरांना दोष देणार नाही. एकच मुलगा मोबाइलवर शूट करतो, बाइट घेतो, तिथेच पायरीवर बसून एडिट करून पाठवतो आणि पुढच्या ठिकाणी पळतो. त्याने सिव्हिल हॉस्पिटलला जावं, की गोदाघाटावर?

पाण्यासाठी या चॅनलच्या भरवशावर राहू नका. जलसंपदा विभागाची विसर्गाची सूचना वेळेसकट पाहा आणि घाटावरच्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. चॅनलवाल्यांकडे मागणं एवढंच: पावसाळ्याचे चार महिने एक माणूस पुलावर ठेवा, आणि जुन्या दृश्यांवर 'संग्रहित' लिहा. त्याला तर पैसेही लागत नाहीत.