सांगली-मिरजेतली जनऔषधी केंद्रं : कुठली चिठ्ठी स्वस्त पडते, कुठली अडते

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पार सीमाभागातून रुग्ण येतात आणि डिस्चार्ज कार्डावर सात-आठ औषधं घेऊन परततात. त्यातली बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलची कायमची औषधं जनऔषधी केंद्रातून जरूर घ्यावीत, त्यासाठी पाचपैकी साडेचार गुण. ऑपरेशननंतरच्या आठवडाभराच्या चिठ्ठीसाठी मात्र तीनच, आणि त्यात दोष केंद्रापेक्षा चिठ्ठीचा जास्त.

केंद्रात औषध कंपनीच्या नावावर नाही, कंटेंटवर, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधाच्या (जेनेरिक) नावावर मिळतं. टेलमिसार्टन 40, मेटफॉर्मिन 500, अटॉर्वास्टॅटिन 10 असं स्वच्छ लिहिलं असेल तर काम पटकन होतं. नुसतं ब्रँडचं नाव असेल तर फार्मासिस्ट अडून बसतो, आणि ते योग्यच आहे. शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणारं औषध परस्पर बदलून द्यायला कायद्याची परवानगी नाही. म्हणून ओपीडीतून उठण्याआधीच कंटेंट लिहून मागा. जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं 2016 च्या दुरुस्तीपासून वैद्यकीय परिषदेच्या नियमांतच आहे. मागायला संकोच नको.

घोळ होतो तो काउंटरवर. मेटफॉर्मिन एसआर (हळूहळू विरघळणारी) लिहिली असताना साधी घेतली तर अनेकांचं पोट बिघडतं. बीपीच्या मेटोप्रोलॉलचे दोन प्रकार आहेत: सक्सिनेट दिवसातून एकदा पुरते, टार्ट्रेट सहसा दोनदा घ्यावी लागते. नाव अर्धंच वाचलं तर डोस चुकतो. सगळ्यात फसवी एस-अ‍ॅम्लोडिपिन. तिची 2.5 ची गोळी म्हणजे साध्या अ‍ॅम्लोडिपिनची 5 ची. आकडा जुळला म्हणून साधी 2.5 घेतली तर औषध निम्मंच पोटात जातं आणि बीपी का उतरत नाही ते कळत नाही. तेव्हा जुनी रिकामी स्ट्रिप सोबत न्या आणि पैसे देण्याआधी दोन्ही शेजारी धरून वाचा.

दर्जाची शंका बहुतेकांना असते. केंद्राकडे येणारी प्रत्येक बॅच एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासलेली असते. तरी थायरॉक्सिन, फिटची फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांची कंपनी सारखी बदलू नये. थायरॉक्सिन बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, वॉरफरिन बदलली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) लवकर करा.

आता ते तीन गुण. अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीत 384 औषधं आहेत आणि त्यांची कमाल किंमत सरकार ठरवतं. सुजेवरची ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची जोडकॅप्सूल यादीबाहेर आहेत. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनीला वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवता येते. डिस्चार्जचं बिल फुगतं ते बहुधा इथे. दुखण्याच्या गोळीबरोबर सुरू झालेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल ती गोळी थांबल्यावरही महिनोन्महिने चालू राहते, कारण ‘किती दिवस’ हे कार्डावर लिहिलेलंच नसतं. प्रत्येक औषधापुढे दिवस लिहून घ्याच.

साठ्याचं म्हणाल तर हवी ती एमजी प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जा. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. तिथे नाहीच मिळालं तर साध्या मेडिकलमध्ये घेताना ‘फार्मा सही दाम’ या सरकारी अ‍ॅपवर कमाल किंमत पडताळा. आणि जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात इन्सुलिन न्यायचं असेल तर थर्मास हवाच; बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.