मायएसक्यूएलची सी लायब्ररी: केळीच्या वजनकाट्यावर हंगामभर वापरून

रावेरच्या काट्यावरचा कॉम्प्युटर जुनाट, मालक बदलत नाही, म्हणून प्रोग्राम सी भाषेतच; नोंदी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, आणि दोघांना जोडते ती ही लायब्ररी. डेटाबेसशी कनेक्शन कसं उघडायचं ते इथे सांगत बसत नाही. लायब्ररी चपळ आहे, त्याबद्दल ब्र काढणार नाही. माझं भांडण फक्त नलशी, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ या खुणेशी.

एकेक ओळ आणणारं फेच रो हे फंक्शन हातात देतं ती कॅरेक्टर पॉइंटरची रांग, म्हणजे मजकूर मेमरीत कुठे आहे त्याचे पत्ते. वजन, तारीख, भाव, सगळा मजकूरच. रकान्यात काही नोंदलेलं नसेल तर पॉइंटर नल. ऐन हंगामात पावतीवर रिकाम्या गाडीच्या वजनाच्या जागी कंसात ‘नल’ छापून आलं. धुळ्याकडचा ड्रायव्हर म्हणे, “दादा, हाई काय शे?” मग मालकाला प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर हवा झाला, तर प्रोग्रामच धाडकन बंद! छापणाऱ्या प्रिंटएफ फंक्शनमध्ये नुसतं टक्का-एस (‘इथे मजकूर छाप’ ही खूण) आणि नवी ओळ असली की जीसीसी हा कंपायलर त्या जागी गुपचूप पुट्स हे दुसरं छापणारं फंक्शन बसवतो. ग्लिबसी या सीच्या स्टँडर्ड लायब्ररीचा प्रिंटएफ नल सांभाळून घेतो, पुट्स घेत नाही. एका नव्या ओळीपायी काटा बंद, बाहेर ट्रकांची रांग!

चिडून पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस लावला. तिथे रकान्यातला मजकूर आणणारं पीक्यू-गेटव्हॅल्यू नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरा मजकूर देतं. पावत्या कशा देखण्या! मी सगळ्यांना सांगत सुटलो, हेच घ्या म्हणून. मग एका गाडीचं रिकामं वजन नोंदायचं राहिलं. रिकाम्या स्ट्रिंगचं, मजकुराचा आकडा करणाऱ्या ए-टू-आयने शून्य केलं आणि अख्खा ट्रक केळीत धरला गेला. चाकं, फाळके, स्टेपनी, सगळं केळीच्या भावानं. शेतकरी खूश, व्यापारी लालबुंद. नल आहे का हे पीक्यू-गेटइजनलला वेगळं विचारावं लागतं. नाही विचारलं तर कुणी हूं की चूं करत नाही. तेव्हा मत फिरलं. नल पॉइंटर ए-टू-आयला दिला तर प्रोग्राम निदान जागीच कोसळतो, कुणाचे पैसे जात नाहीत. मुकाट मायएसक्यूएलवर परत.

महिन्याच्या गोषवाऱ्याला स्टोअर रिझल्ट हे फंक्शन नको, ते सगळ्या ओळी एकदम मेमरीत ओढतं. यूझ रिझल्ट एकेक ओळ आणतं, पण शेवटपर्यंत वाचावं लागतं. मध्येच सोडून दुसरी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) टाकली की २०१४ नंबरची एरर. आणि इथेही नल आहेच! ओळी संपल्या तरी नल, सावद्याच्या गोडाऊनमधल्या सर्व्हरची लाइन तुटली तरी नल. अर्धा गोषवारा पूर्ण असल्यासारखा छापून निघतो. ओळी वाचणाऱ्या लूपनंतर एररनंबर तपासायला लागल्यापासून २०१३, म्हणजे लाइन तुटल्याचा नंबर, दिसला की कागदावर मोठ्या अक्षरात ‘अपूर्ण’ छापतो. मालकाला ते आवडत नाही, कागद वाया जातो म्हणतो.