मोठी खरेदी: एकालाच, गटांत की 70:30?

समजा, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी 12,000 बाकं घ्यायची आहेत. खरेदी समितीपुढे तीन वाटा असतात. सगळा माल एकाकडून घ्यायचा, तालुक्यांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी वेगळी बोली मागवायची, किंवा तीच ऑर्डर एकाच दराने दोघातिघांत, समजा 70:30, वाटायची.

एकच कंत्राट भांडार शाखेला सोयीचं. एक करारनामा, एक सुरक्षा ठेव, एकाच्याच मागे तगादा. माल घाऊक म्हणून दरही थोडा उतरतो. पण रक्कम मोठी झाली की उलाढालीची अट (वर्षाला किमान इतका धंदा हवा) आणि बयाणा रक्कमही (बोलीसोबत भरायची अनामत) वाढते, आणि एमआयडीसीतले छोटे फॅब्रिकेशनवाले निविदा भरतच नाहीत. शिवाय तो एक पुरवठादार रखडला, तर अख्ख्या जिल्ह्याची मुलं जूनमध्ये सतरंजीवर.

जागा खाणारा, वाहतुकीत पैसे जाणारा माल असेल तर मी गटांच्या बाजूने आहे. मात्र प्रत्येक गटाचा एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, वेगळा. एका तालुक्यात बाक 3,900ला आणि शेजारी 4,150ला पडलं की लेखापरीक्षक विचारणारच. अंतर, रस्ता, शाळांची विखुरलेली संख्या हे टिपणीत आधीच लिहून ठेवा. एकाला जास्तीत जास्त किती गट मिळतील, तेही निविदेत छापा. नाहीतर सगळे गट तोच उचलतो: कागदपत्रं कितीतरी पट, धोका मात्र तेवढाच. युरोपीय संघाच्या 2014च्या निर्देशात अशी मर्यादा घालता येते. उलट गट पाडले नाहीत तर मोठ्या खरेदीत त्याचं कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे संशय उलट्या बाजूने येतो: ‘तुकडे पाडले’. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017मध्ये वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करायला मनाई आहे. म्हणून गट कितीही असोत, मंजुरी एकूण रकमेवर घ्या आणि जाहिरात एकच काढा.

तिसरी वाट 70:30 किंवा 50:30:20. एल-वनचा दर एल-टूने, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराने, मान्य केला की ठरलेला हिस्सा त्याला. सलाईन, औषधं, म्हणजे पुरवठा एक दिवसही थांबून चालत नाही तिथे हीच बरी. केंद्रीय दक्षता आयोगाच्या मार्च 2007च्या परिपत्रकानुसार, वाटणी निविदेत आधी जाहीर असेल तर एल-टूला एल-वनचा दर देऊ करणं ही वाटाघाट ठरत नाही. दर उघडल्यावर सुचलेली वाटणी मात्र फाईलवर समजावताना घाम फुटतो.

या वाटेचं दुखणं वेगळंच. दुसरा आला तरी हिस्सा मिळणार असेल तर दर पाडायचा कशाला? इंडियन ऑइलच्या गॅस सिलिंडर खरेदीत ऑर्डर अशीच अनेकांत वाटली जायची आणि बऱ्याच कंपन्यांचे दर तंतोतंत सारखे आले. स्पर्धा आयोगाने 2012मध्ये दंड ठोठावला. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. खरेदीदार मोजके, खरेदीची पद्धत वर्षानुवर्षं तीच, मग दर सारखे येण्यात संगनमतच असेल असं नाही, असा त्या निकालाचा रोख. पण साटंलोटं नसलं तरी खरेदीदाराला स्पर्धेचा फायदा कुठे मिळाला? त्यामुळे हिस्से नेहमी बोलीदारांपेक्षा कमी ठेवा, आणि पहिल्याचा वाटा एवढा मोठा की दुसरं येणं त्याला परवडू नये.

बाकांसाठी मी तीन गट करीन, एकाला जास्तीत जास्त दोन. जिल्ह्यात बाकं बनवणारे दोघेच असतील तर गटांच्या भानगडीत न पडता उलाढालीची अट खाली आणून शेजारच्या जिल्ह्यांतले लोक बोलावीन.