को-फाउंडर शोधण्याचे मेळावे: बडोद्यातला सात-आठ महिन्यांचा अनुभव

स्टार्टअप काढणाऱ्यांना भागीदार मिळावा म्हणून भरणारे मेळावे आता बडोद्यातही होतात. मी ज्यांना जाते ते इथलेच काही उद्योजक हौसेने चालवतात. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी, फत्तेगंजच्या बाजूला, भाड्याच्या हॉलमध्ये. फी तीनशे रुपये, त्यात चहा आणि खमण. उत्तरायण झाल्यावर मी पहिल्यांदा गेले, आता गणपती तोंडावर आलेत. एवढ्या काळात एक जोडी जमता जमता राहिली, दुसरी जमली. जाऊ की नको अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. ११ केव्हीचे (११ हजार व्होल्टचे) डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर जळून परत येतात, तेव्हा उघडल्यावर बहुतेक तीच कारणं निघतात: झेपेल त्याहून जास्त लोड, तिन्ही फेजवर असमान भार, कमी झालेलं तेल, आत शिरलेला ओलावा. हे आधी कळावं म्हणून तेलाचं तापमान, तेलाची पातळी आणि प्रत्येक फेजचा करंट मोजून मोबाईलवर कळवणारी पेटी मी बनवली. पेटी चालते. ती विकायची कशी, हे मला येत नव्हतं.

हातात कसब असलेला माणूस बडोद्यात शोधावा लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन निघालं, एम. एस. युनिव्हर्सिटीची आजची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच मुळातून वाढली. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरचे कारखाने शहराभोवती आहेत, तपासणीला एर्डा ही विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्था मकरपुऱ्यातच आहे. पण दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नोकरीच झाली. आधी गायकवाड सरकारची, मग बँकेची, मग कारखान्याची. ऑर्डर काढणं, उधारी वसूल करणं, खरेदी खात्याला पुन्हा पुन्हा फोन लावणं यातलं काही घरात कुणी केलेलंच नाही. ‘भागीदारी म्हणजे शेवटी वाटणीची भांडणं’ असं बाबा आजही म्हणतात. त्यामुळे मला विकणारा भागीदार हवा होता, आणि तो ओळखीपाळखीत मिळणार नव्हता.

मेळाव्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे आत जाण्याआधी भरायचा फॉर्म. कल्पना काय, शिक्षण काय, हे त्यात शेवटी येतं. आधी विचारतात: आठवड्याला किती तास देणार? पगाराशिवाय घर किती महिने चालेल? शहर सोडायची तयारी आहे का? पैसा गुंतवणूकदाराकडून उभा करायचा की धंद्यातूनच? ही उत्तरं छापलेला कागद प्रत्येकाच्या हातात देतात. मग दोघादोघांना समोरासमोर बसवून दहा-दहा मिनिटं बोलायला लावतात. एरवी महिनोन्‌महिने गप्पा मारूनही जे कुणी विचारत नाही, ते इथे पहिल्या दहा मिनिटांत उघड असतं. घरचं कर्ज, आजारी आई, नवऱ्याची बदली, सगळं लोक मोकळेपणाने बोलतात, कारण कागदावरच तसा प्रश्न असतो.

पण दहा मिनिटांत माणूस जुळला असं कुणी समजू नये, आणि आयोजकही तसं समजत नाहीत. ज्यांना एकमेकांत रस वाटतो त्यांना ते दोन आठवड्यांचं एक छोटं काम ठरवायला लावतात आणि पुढच्या मेळाव्यात दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, की पुन्हा याच माणसाबरोबर काम कराल का. माझ्या मते तीनशे रुपये वसूल होतात ते इथे.

पहिलं काम मी एका तरुण प्रोग्रॅमरबरोबर केलं. मुलगा विलक्षण हुशार. पेटीतून येणारे आकडे साठवून आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर त्याने चार दिवसांत उभं केलं. उरलेले दिवस आम्ही पुढचं बोलत बसलो आणि तिथे वाटा फुटल्या. त्याला आधी गुंतवणूकदार गाठायचे होते आणि वर्षभरात बंगळूरला जायचं होतं. मला आधी दहा गिऱ्हाईकं हवी होती आणि आईला सोडून जाणं शक्य नव्हतं. दोघांनीही ‘नको’ लिहिलं. कटुता काहीच राहिली नाही, आज आमच्या सर्व्हरचं काम तोच ठरलेल्या पैशांत करतो.

दुसऱ्या वेळी समोर आले ते पन्नाशीचे गुजराती गृहस्थ. मी त्यांना भाई म्हणते, ते मला बेन. वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात त्यांनी वर्षानुवर्षं इलेक्ट्रिक पॅनल विकलेली. पेटी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, “बेन, पैसा क्यारे आवशे?” किती येतील असं नाही, केव्हा येतील. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीज कंपनीला विकायचं तर टेंडर, टाइप टेस्ट (नमुन्याची प्रयोगशाळेत होणारी चाचणी), अनुभवाचे दाखले, आणि बिल निघेपर्यंतची वाट. तेवढा दम आमच्या खिशात नाही, हे त्यांनी शांतपणे मांडून दाखवलं. मग स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या, एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनच्या कारखान्यांत ते पेटी घेऊन फिरले. हेच आमचं दोन आठवड्यांचं काम.

ते परत आले तेव्हा त्यांच्या वहीत काय काय होतं! प्रत्येक कारखान्यात पेटी आवडते मेंटेनन्सवाल्याला, पण सही असते अकाउंट्सची. अकाउंट्सवाल्याला तेलाच्या तापमानाशी काही देणंघेणं नसतं. त्याला टोचतं ते वीजबिल: मंजूर मागणीच्या, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेल्या कमाल लोडच्या, वर लोड गेला की जादा दराची आकारणी, पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी लागते त्याचं माप) घसरला की आणखी भुर्दंड. करंट तर आपली पेटी मोजतेच आहे, मग मागणी हद्दीजवळ जाताच आधीच इशारा का देऊ नये? मी व्होल्टेजचं मोजमाप जोडलं, प्रोग्रॅम बदलला, आणि तीच पेटी अकाउंट्सवाल्यालाही हवीशी झाली. मी टेस्टिंगच्या टेबलाशी आणखी पाच वर्षं बसले असते तरी मला हे सुचलं नसतं. माझ्या वस्तूत त्यांनी भर घातली, आणि माझ्या आकड्यांमुळे त्यांना गिऱ्हाईकासमोर ठामपणे बोलता आलं. जोडी जमली ती त्या वहीवर.

पैशाच्या बोलण्यासाठी मेळाव्यात एक सीए आणि एक वकीलबाई फी न घेता बसतात. त्यांच्याकडून मला व्हेस्टिंग, म्हणजे शेअर काम करत करत कमावण्याची पद्धत, नीट कळलं. समजा, निम्मे-निम्मे शेअर घेतले आणि एकजण सातव्या महिन्यात निघून गेला, तर अर्धी कंपनी घेऊन तो घरी बसतो आणि दुसरा राबत राहतो. म्हणून शेअर चार वर्षांत कमवायचे, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही, ही सर्वसाधारण पद्धत. आपल्याकडे शेअर सुरुवातीलाच नावावर होतात, त्यामुळे करारात उलटी अट घालतात: न कमावलेले शेअर ठरल्या किमतीला परत द्यायचे. आम्ही तसंच केलं. वाटणी साठ-चाळीस, कारण पेटी आणि बचत माझी. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड केली. तिला दोन संचालक लागतातच, आणि एकट्याच्या प्रोप्रायटरशिपला केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेची मान्यता मिळत नाही. करार बाबांनीही वाचला, चष्मा लावून, ओळ न्‌ ओळ.

आता तक्रारी. विम्याचे आणि म्युच्युअल फंडाचे एजंट तीनशे रुपये भरून येतात आणि दहा मिनिटं खातात. आयोजकांनी दारातच विचारायला हवं. ‘माझ्याकडे कल्पना आहे, फक्त अ‍ॅप बनवणारा हवा’ म्हणणारे फार, त्यांच्यासाठी निराळं सत्र असावं. पण मला खरोखर खुपणारी गोष्ट वेगळी आहे. कार्यक्रम साडेनऊला संपतो आणि मोकळ्या गप्पा त्यानंतर, सेव उसळीच्या गाडीवर होतात. आम्ही मोजक्या बायका तोवर घरी निघालेल्या असतो. पुढचं काम कोण कुणाबरोबर करणार, हे कितीदा त्या गाडीवर ठरतं. कार्यक्रम तासभर आधी सुरू करून हा वेळ हॉलमध्येच दिला, तर जास्त बायका टिकतील. हे मी लेखी कळवलं आहे आणि पाठपुरावा करणार आहे.

निव्वळ सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी मेळाव्याबरोबर वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपना पैसा देणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या को-फाउंडर जुळवणीच्या सेवेतही नाव घालावं. २०२१ पासून ती इंटरनेटवर आहे आणि फुकट आहे. वस्तू बनवणाऱ्यांनी मात्र आपल्या औद्योगिक वसाहतीत पायी फिरू शकेल असा माणूस शोधावा, त्यासाठी हा हॉल बरा.

नवरात्रात मेळावा नसतो, सगळं शहर गरब्यात असतं. त्याच्या आधीच्या शनिवारी जाणार असाल तर फॉर्म घरी बसून भरा, आणि पगाराशिवाय किती महिने निघतील हा रकाना घरच्यांना विचारूनच लिहा.